उबवणीचा फ्रीज

जन्म ही प्रत्येक जीवाने एकट्याने लढायची लढाई असते आणि तीत दुसऱ्याने ढवळाढवळ करणं म्हणजे निसर्गाचा अपमान, असं माझे सासरे त्या दिवशी सकाळी गंभीरपणे म्हणाले, आणि लढाई कुठवर आली ते पाहायला त्यांनी फ्रीजचं दार पुन्हा उघडलं.

फ्रीज आमच्या खोलीत होता. आमच्या म्हणजे माझ्या आणि बायकोच्या, घर सासऱ्यांचं. आमच्या इमारतीची दुरुस्ती निघाली तेव्हा आम्ही दोन महिन्यांसाठी म्हणून इथे आलो होतो. पुढे ती इमारत दुरुस्तीच्या पलीकडे गेली, पाडली गेली, आणि आमचे दोन महिने चालूच राहिले. त्याला आता चार वर्षं होत आली होती. माझी बायको मला एकांतात 'तू' म्हणते आणि आईवडिलांसमोर 'अहो'. या चार वर्षांत मी जवळजवळ पूर्णवेळ 'अहो' झालो होतो.

सासरे फ्रीज दुरुस्तीचे मिस्त्री. आयुष्यभर त्यांनी लोकांचं दूध, बर्फ आणि औषधं थंड ठेवली. निवृत्त झाल्यावर एखादी वस्तू गरम करूनही बघावी असं त्यांना वाटत असावं, पण संधी मिळत नव्हती. ती मी मिळवून दिली. शेजारणीची कोंबडी मागच्या अंगणात अंड्यांवर बसली होती, ती अर्ध्यातून उठली आणि पुन्हा बसायला तयार होईना. शेजारीण अंडी टाकून द्यायला निघाली. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. लोकांना वरची ओळ वाचायला सांगतो, मग खालची, मग त्यांच्या नाकावर चष्मा नीट बसवून देतो. खिशात डोळे तपासायचा छोटा टॉर्च असतोच. मी उगाच एकेक अंडं टॉर्चवर धरून पाहिलं. बाकीची गढूळ होती. एकात लाल शिरांचं जाळं होतं आणि मधोमध काहीतरी हललं.

"यात जीव आहे," मी म्हणालो.

काही वाक्यं गिळायची असतात. हे त्यातलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तर आमच्या पलंगाच्या पायथ्याशी एक जुना फ्रीज उभा. कॉम्प्रेसर काढलेला, आत बल्ब, बल्बाला चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट, तळाशी पाण्याची वाटी, कडेला हवेसाठी पाडलेली भोकं, आणि मधल्या जाळीवर, फडक्याच्या घडीवर, ते एकुलतं एक अंडं. त्याच्या एका बाजूला पेन्सिलने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोळा. ठरावीक वेळाने ते फिरवायचं, म्हणजे आतला जीव एका बाजूला चिकटत नाही. फिरवायचं आम्ही. खोली आमची होती ना.

"इथेच का पण?" मी बायकोला हळूच विचारलं.

"बाबा म्हणाले, ही खोली रिकामी आहे."

त्या खोलीत फक्त आम्ही दोघं राहत होतो.

त्या दिवसापासून खोलीतला पंखा बंद झाला, कारण झोत लागतो. खिडकी बंद झाली, कारण हवा बदलते. दाराच्या रबराची एक कड गेली होती, तिथून उजेडाची एक पट्टी निघे आणि बायकोच्या गालावरून माझ्या उशीवर येई. थर्मोस्टॅट मधूनमधून खट् करे. आम्ही काही बोलायला लागलो की नेमका खट् करे, आणि आम्ही गप्प बसत असू. घामेजलेले, उजेडाच्या पट्टीत, फुली वर आहे की गोळा याचा विचार करत. त्या अंड्यापेक्षा आम्हीच जास्त उबत होतो.

फ्रीजवर सासऱ्यांनी चिठ्ठी चिकटवली होती: 'उघडू नये.' तिचा कुणावर काही परिणाम झाला नाही, त्यांच्यावर तर नाहीच. फ्रीज दिसला की त्याचं दार उघडून आत बघत उभं राहायचं ही सवय या घरात रक्तातून उतरलेली आहे. काही घ्यायचं नसतं. मनात दुसराच विचार चालू असतो, एक हात दारावर, चेहऱ्यावर आतला उजेड. सासूबाई कपाटातून चादर काढायला आमच्या खोलीत येत आणि जाताजाता फ्रीज उघडून बघत. एकदा त्यांनी तंद्रीत आत लिंबं ठेवली. दुसऱ्या दिवशी ती छान कोमट निघाली.

घरात आणखी एक माणूस होतं. बायकोची आत्या, सासऱ्यांची थोरली बहीण. तिने सगळी नोकरी प्रसूतिगृहात नर्स म्हणून केली. अविवाहित, तोंडाने फटकळ, आणि झोपायला हॉलमधल्या सोफ्यावर. ती फ्रीज उघडून अंड्याला कान लावी आणि "ठोके चांगले आहेत" असं सांगे. अंड्याचे ठोके कानाला ऐकू येत नाहीत, पण तिला उलट बोलायची कुणाची टाप नव्हती.

तर त्या सकाळी अंड्याला टिचकी मारल्यासारखा तडा गेला, त्यात एक बारीकसं भोक पडलं आणि आतून चोचीचं टोक दिसलं. माझा सुट्टीचा दिवस होता. नेमका तोच दिवस आम्ही निसटायला धरला होता.

आमच्या दुकानासमोर एक औषधवाला आहे. त्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. वरचा मजला, स्वतंत्र जिना, दाराला आतून कडी. ती कडी मी स्वतः लावून पाहिली होती, दोनदा. औषधवाला म्हणाला होता, "उद्या सहापर्यंत वहिनींना घेऊन या. त्यांनी बघून हो म्हटलं की किल्ली देऊन मी मोकळा. नाहीतर माझा मेहुणा डोक्यावर बसलाय, त्याला देऊन टाकतो. बायको रोज जेवताना विषय काढते."

अडचण एकच होती. घरात हे कुणी सांगायचं?

"वडील तुझे आहेत," मी म्हणालो होतो.

"मी सांगितलं तर म्हणतील, नवऱ्याने शिकवलं. तू सांग."

"मी सांगितलं तर म्हणतील, चार वर्षं खाल्लं-प्यायलं आणि निघाला."

मग थर्मोस्टॅट खट् वाजला होता आणि विषय तिथेच राहिला होता. शेवटी बायकोने तोड काढली. पिल्लू बाहेर आलं की बाबा खुशीत असतील. त्या खुशीत ती सांगून टाकेल, आणि ते सावरायच्या आत आम्ही दोघं किल्ली घेऊन येऊ. म्हणजे आमचं बाहेर पडणं आता त्या पिल्लाच्या बाहेर पडण्यावर अवलंबून होतं, आणि ते पिल्लू चोचीचं टोक दाखवून स्वस्थ बसलं होतं.

दहाच्या सुमाराला खोलीत सगळे जमले. पलंगावर सासूबाई आणि आत्या, खुर्चीवर सासरे, फ्रीजशेजारी बायको, आणि मी कपाट आणि भिंत यांच्या फटीत. पंखा बंद.

"जोर लाव म्हणावं," आत्या म्हणाली. "पहिलटकरीण आहे का?"

"अहो, ते बाळ आहे, बाळंतीण नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मग बाळंतीण कुठंय?"

"शेजारी. दाणे टिपतीये."

"कमाल आहे! आमच्या वॉर्डात असं उठून गेली असती तर मी तंगडं धरून आणली असती."

सासऱ्यांनी दार उघडलं, पाहिलं, लावलं. त्यांनी पाहिलेलं सासूबाईंना पुरत नव्हतं म्हणून त्यांनी स्वतः उघडलं. आत्याने चष्मा आणून तिसऱ्यांदा उघडलं. मग चहा झाला आणि चहा पिताना उघडलं. दर वेळी आतली उबदार, ओलसर हवा आमच्या अंगावर येई. छान वाटे खरं तर. सगळ्यांनाच छान वाटे, म्हणून पुन्हा उघडत.

जेवणं आळीपाळीने झाली. दुपारी भोक तेवढंच होतं. चोचीची हालचाल मंदावली होती आणि चिवचिव मघाशी टाचणीसारखी टोचत होती ती आता दूर कुठेतरी गेल्यासारखी येत होती. मी टॉर्च धरून पाहिलं. कवचाच्या आत जो पांढरा ओलसर पापुद्रा असतो, तो भोकाच्या कडेला पिवळट, कडक, चामड्यासारखा झाला होता आणि पिल्लाच्या पिसांना चिकटला होता. पिल्लाला मान फिरवता येत नव्हती. ते स्वतःच्याच कातड्यात शिवून टाकल्यासारखं अडकलं होतं.

"वाळलाय हा," बायको म्हणाली. "आतली ओल गेलीये. सारखं दार उघडून."

प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहिलं.

"मी दोनदाच उघडलं," सासूबाई म्हणाल्या.

"मी तर वैद्यकीय कारणासाठी," आत्या म्हणाली.

"रबर गेलंय त्याचं," सासरे म्हणाले. "मी तेव्हाच म्हणालो होतो."

"कुणाला म्हणाला होतात?" सासूबाईंनी विचारलं.

"मनात."

"बाबा, ते मरेल असं," बायको म्हणाली. "आपण सोडवूया त्याला."

"नाही." सासऱ्यांनी हात वर केला. "आयतं बाहेर काढलेलं पिल्लू पांगळं राहतं. त्याची ताकद त्याला लावू द्या. जगायचं असेल तर येईल बाहेर."

"मग बल्ब कशाला लावलात?" बायको म्हणाली.

सासरे खुर्चीवरून उठले नाहीत, पण त्यांनी हात खाली घेतला, आणि त्या घरात यालाच परवानगी म्हणतात.

मी घड्याळाकडे पाहिलं. खोटं कशाला बोला, मला त्या क्षणी निसर्गाचं काही पडलं नव्हतं. मला ती आतली कडी दिसत होती. बॅगेतून मी चष्म्याच्या नाकपट्ट्या बसवायचा बारीक चिमटा काढला, तो उकळत्या पाण्यात बुडवून घेतला, हात धुतले. बायकोने कोमट पाणी आणि कापसाचे बोळे आणले, टेबललॅम्प पलंगावर ओढला. अंडं मी तळहातावर घेतलं. ते इतकं हलकं होतं आणि आत कुणीतरी होतं.

"नाकपुड्यांत पाणी जाऊ देऊ नका," आत्या म्हणाली. तिच्या आवाजातला फटकळपणा गेला होता.

मी कापसाने पापुद्रा भिजवला, कडेचा कवचाचा एक कपचा चिमट्यात धरला आणि उचलला. निघाला. दुसरा निघाला. हे काम मला जमत होतं. रोज मी याहून बारीक स्क्रू धरतो. तिसरा, चौथा. चोच मोकळी झाली आणि पिल्लाने ती उघडून एक दमदार ओरड मारली. सासूबाईंनी टाळी वाजवली. मी पाचवा कपचा जरा घाईने ओढला.

पापुद्र्यावर रक्ताचा एक थेंब आला. टाचणीच्या डोक्याएवढा.

"थांबा!" आत्या ओरडली. "नाळ अजून चालू आहे त्याची. शिरा सुकायच्यात. आता ओढलंत तर सगळं रक्त तिथूनच जाईल."

बायकोने कापूस दाबून धरला. थेंब वाढला नाही. पण मला कळलं की ज्या घाईने मी हे काम हातात घेतलं होतं तीच घाई आता याला मारू शकते. ओढायचं नाही. सोडायचं नाही. पापुद्रा ओला ठेवायचा आणि वाट बघायची. मी अंडं हातात धरून, लॅम्पच्या उजेडात, कपाटाला पाठ टेकून बसलो. खाली ठेवावं तर ते कलंडत होतं. उठावं तर दोन्ही बाजूंना माणसं. घाम भुवईतून डोळ्यात उतरत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. बायकोने तो पदराने पुसला आणि हळूच म्हणाली, "पाच वाजून गेले."

"तू एकटी जातेस?"

"बाबांना न सांगता? आणि याला सोडून?"

मध्येच पिल्लू गप्प होई. मग आम्ही सगळेच श्वास रोखून बसत असू, त्याने एकदा चोच हलवेपर्यंत. मी थोडं भिजवत होतो, शिरा फिकट होत गेल्या की एखादा कपचा काढत होतो, पुन्हा थांबत होतो. अंड्याचा वरचा भाग टोपीसारखा निघाला. आत चिकट, काळपट, मान दुमडून बसलेलं ते पिल्लू मला बघून डोळा मिचकावल्यासारखं करी आणि परत मिटून घेई.

फोन वाजला. माझ्या खिशात. बायकोने तो काढला आणि औषधवाल्याचा आवाज खोलीभर आला, कारण तो दुकानात ओरडून बोलायची सवय असलेला माणूस आहे.

"येताय ना वहिनींना घेऊन? किल्ली घेऊन बसलोय!"

"येतोय," बायको म्हणाली. "जरा अडकलोय."

"किती वेळ?"

तिने माझ्या हातातल्या अंड्याकडे पाहिलं. "सांगता येत नाही."

"मग राहू द्या," औषधवाला म्हणाला. "मेहुणा इथेच बसलाय." आणि फोन ठेवला.

"कोण होतं?" सासऱ्यांनी विचारलं. "कसली किल्ली?"

बायको माझ्याकडे वळली. "तू सांग," ती म्हणाली.

घरात बाँब पडला असता तरी एवढं झालं नसतं. किल्ली बाजूलाच राहिली. सासूबाईंचा हात तोंडावर गेला. चार वर्षांत पहिल्यांदा त्या घराने 'तू' ऐकला होता.

"हो, तूच म्हणाले," बायको म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मी याला तूच म्हणते! म्हणायचे! आता कधी म्हणू? खोलीत फ्रीज आहे!"

मी अंडं जपून फडक्यावर ठेवलं, कडेला ओला कापूस लावला, ते फ्रीजमध्ये सरकवलं आणि दार लावून घेतलं. मग वळून सांगितलं. दोन खोल्या, स्वतंत्र जिना, सगळं. कडीचं नाही सांगितलं.

"घर?" सासरे म्हणाले. "तुम्हाला जायचंय?"

"कधीचं जायचं होतं, बाबा," बायको म्हणाली.

"मग गेला का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

सासऱ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी जमिनीकडे पाहिलं. "आम्हाला कशाला वाईट वाटेल?" त्या म्हणाल्या. "आम्हीच म्हणत होतो, जा कसं म्हणायचं? लेकीला बाहेर काढलं असं दिसतं. म्हणून हे म्हणाले, फ्रीज ठेवू त्यांच्या खोलीत, गैरसोय झाली की आपणहून..."

"मी असं म्हणालो नाही," सासरे म्हणाले. "मी म्हणालो, बघू."

"म्हणजे मुद्दाम?" मी म्हणालो.

"जावईबापू, मुद्दाम म्हणजे अगदीच मुद्दाम नाही. दुसरीकडे प्लगही नव्हता."

"आणि मी?" आत्या पलंगावरून उठली. "ही खोली माझी होती. दोन महिन्यांसाठी सोडली मी. चार वर्षं सोफ्यावर पाय दुमडून झोपते. मला वाटायचं, पोरीला गरज आहे, बोलायचं कसं. गरजच नव्हती का कुणाला?"

मग जे सुरू झालं ते बराच वेळ चाललं. सासूबाई रडल्या, आत्या रडली, बायको रडली. सासरे फ्रीजमधल्या जुन्या बिघाडाचा शोध घ्यावा तसं कोण कधी कुणाला काय म्हणालं नव्हतं याचा शोध घेत राहिले. कोण कुणाला धरून बसलं होतं ते कळेना. प्रत्येकाने दुसऱ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं आणि प्रत्येकाला ते बाहेरून लावलेलं दिसत होतं. बायको मला त्या गडबडीत तीन-चारदा 'तू' म्हणाली. कुणीही हटकलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट पहिल्यांदाच घडली. अर्धा-पाऊण तास कुणी फ्रीज उघडला नाही.

उघडला तेव्हा पिल्लू बाहेर होतं. कवचाचा खालचा अर्धा भाग त्याने लाथ मारून लांब सारला होता आणि ते ओल्या बोळ्यासारखं फडक्यावर आडवं पडून धापा टाकत होतं. पांगळं वगैरे नव्हतं. पोटाखालची शीर सुकून दोऱ्यासारखी झाली होती.

"आलं बघा एकट्याने," सासरे म्हणाले.

चौथ्या दिवशी पिल्लू शेजारीण घेऊन गेली. तिची कोंबडी त्याला टोचायला धावली, म्हणून ते तिच्या स्वयंपाकघरात खोक्यात वाढलं. आम्हीही घर शोधायला लागलो, आता उघडपणे, सगळे मिळून. सासूबाई जाहिराती वाचत आणि आत्या कपाटाची मापं घेत. एक महिना गेला. मग औषधवाल्याने मला रस्त्यातच थांबवलं आणि म्हणाला, मेहुणा सोडून गेला, खोल्या पुन्हा रिकाम्या आहेत, किल्ली आत्ताच घ्या.

आम्ही पाचही जणं बघायला गेलो. बायकोला खिडकी आवडली. आत्याने कडी लावून पाहिली. सासऱ्यांनी स्वयंपाकघरात जाऊन नळ उघडला, आणि मेहुणा का सोडून गेला ते सगळ्यांना कळलं.

वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही.